टमाटेवाली ताई

सोयाबीन सोंगणीला आलं आणि शालिग्रामच्या शेडनेटमधल्या सहाच्या सहा बाया एका सकाळी गायब झाल्या. गायब म्हणजे कुठं जाणार, पलीकडच्याच वावरात होत्या. विळे घेऊन वाकलेल्या दिसत होत्या, त्यांच्या हसण्याचा आवाज नेटपर्यंत येत होता. सोंगणीचं काम उक्तं, हात चालवला की दुपार कलायच्या आत मोकळं. इथं नेटमध्ये दिवसभर मान मोडून एकेक कळी उघडत बसायची आणि चुकली तर बोलणी खायची, त्यात कोण येतं? शालिग्रामच्या बायकोनं, संजीवनीनं, बांधावर उभं राहून दोन-तीन हाका मारल्या. एकीनं विळ्याच्या हातानंच 'मग येते' अशी खूण केली. मग म्हणजे आठ-दहा दिवसांनी, हे दोघींनाही माहीत होतं.

कळ्या आठ-दहा दिवस थांबणाऱ्या नव्हत्या. हे टमाटे खायचे नव्हते, बियाण्याचे होते. दुपारी पिवळट झालेली कळी चिमट्यानं उघडायची, आतला नर सोलून काढायचा आणि मधली सुईएवढी काडी तेवढी ठेवायची. दुसऱ्या सकाळी त्या काडीला दुसऱ्या जातीच्या झाडाच्या नराची पावडर लावायची. चिमटा जरा जोरात लागला की काडी मोडते, फळ धरत नाही. कळी राहून गेली तर रात्रीतून आपली आपण उमलते, स्वतःच्याच नराचं फळ धरते, आणि तसली फळं बियाण्यात आली की कंपनी सगळाच माल नाकारते.

संजीवनीला ते जमत नव्हतं. गेल्या साली मळणीयंत्रातून सोयाबीनचं टरफल उडून उजव्या डोळ्यात गेलं होतं. मेहकरच्या डॉक्टरनं काढलं, पण बुब्बुळावर पांढरा डाग राहिला. एका डोळ्यानं बाकी सगळं होतं, भाकरी होते, निंदण होतं, फक्त बारीक वस्तू कुठं आहे याचा अंदाज लागत नाही. चिमटा कळीच्या अलीकडं मिटायचा नाहीतर पलीकडं. शालिग्रामची बोटं तर नांगराच्या मुठीवर घडलेली, त्याच्या हातात कळीची वासलातच लागायची.

मळणीयंत्रावर ती त्या दिवशी एकटी होती, कारण शालिग्राम पुण्याला होता. त्याच्या आदल्या हंगामात प्लॉटवर बोकड्या रोग आला, पानं आकसून गेली, कंपनीच्या पोत्यात मूठभरही बी पडलं नाही. मग तो आठ महिने पुण्यातल्या एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहिला. परत आला तेव्हा पाय सुजलेले होते, आणि पहिल्या दिवशी जेवायला बसताना लेकीनं, डिंपलनं, सवयीनं दोनच ताटं वाढली. तो आपलं ताट आपणच घेऊन आला. संजीवनीला ते ताट अजून आठवत असे. या वर्षी कंपनीनं शेवटची म्हणून संधी दिली होती. ठरलेलं बी निघालं तर प्लॉट पुढंही चालू, नाही निघालं तर दिवाळी झाली की पुन्हा पुणे. या खेपेला तो कितीसा टिकेल आणि इकडं आपण कितीशा टिकू, याचा विचार तिनं करून पाहिला होता आणि अर्ध्यात सोडून दिला होता.

म्हणून डिंपल. तेरा वर्षांची, आठवीतली, बोटं बारीक आणि नजर अशी की उभ्याउभ्या झाडावरची पिकली कळी हेरायची. पहिल्या दिवशी संजीवनी म्हणाली, "आजच्या दिवस रायते का घरी? बाया येतच असतीन." डिंपलनं दप्तर खुंटीला लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारायची वाट पाहिली नाही. बायांना एक वावर सरलं की शेजारचं दुसरं लागत होतं. आठवड्यानं उत्तमराव मास्तर घरी येऊन गेले, तेव्हा संजीवनीनं त्यांना चहा दिला आणि चार दिवसांची मुदत मागितली. मास्तर चहा पिऊन बशी उपडी ठेवत म्हणाले, "मी हजेरी लावूनच राह्यलो तिची. पट कमी झाला का आमचीबी शाळा बंद होते. पन पोरीले धाडा बाई."

अश्विनीचा फोन आला तो याच दिवसांत. अश्विनी म्हणजे शालिग्रामची धाकटी बहीण, पुण्यात एका खासगी शाळेत चौथीला शिकवते. भाऊ त्याच शहरात वॉचमन होता तेव्हा दोनदाच भेटायला आली, दोन्ही वेळा फाटकाबाहेर. पण मनानं वाईट नाही. तिच्या शाळेनं एक नवीन काढलं होतं. मुलांनी रोज ताटात येणारी एकेक वस्तू निवडायची आणि ती कुठून येते ते व्हिडिओवर बघायचं. गहू झाला होता, दूध झालं होतं. आता टोमॅटो.

"वहिनी, इथल्या मुलांनी झाड पाहिलेलं नाही हो. तुम्ही नुसतं फोन धरून दाखवा. रोज अकरा वाजता पाच मिनिटं. शाळेच्या चॅनलवर टाकू आम्ही."

"आमचे टमाटे तं बियाचे हाय अश्विनी. ते कोनी खात नाही. पिकले का आमी पायानं तुडवतो, बी काढतो, गर नालीत सोडतो. आमीच अमडापूरच्या बाजारातून आनतो खाले."

"ते नका सांगू वहिनी. लहान आहेत मुलं. झाड, फूल, फळ, एवढंच दाखवा."

पहिल्या दिवशी संजीवनीच बोलली आणि सगळं चुकलं. फोनकडं बघितलं की शब्द विसरायची, शब्द आठवले की फोन हलायचा. दुसऱ्या दिवशी फोन तिनं धरला आणि पुढं डिंपल. आणि काय सांगावं, ती पोरगी अशी बोलली की संजीवनी बघतच राहिली. घरात 'काऊन' आणि 'कायले' करणारी, तिथं "आता आपण ही कळी हळूच उघडूया" म्हणत होती. कुठून शिकली कुणास ठाऊक. तिच्या बोटांतला चिमटा पडद्यावर मोठा दिसायचा, कळी फुटायची, नराचा पिवळा गाभा सोलून निघायचा आणि मधली काडी तशीच उभी राहायची. मुलं तिला टमाटेवाली ताई म्हणू लागली. टमाट्याला दुखतं का, असं एकानं विचारलं. डिंपल म्हणाली, "माझा हात हलका आहे, कळत नाही त्याला."

रोज सकाळी डिंपल आता केस विंचरून नेटमध्ये यायची. संजीवनीला बरं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. शाळा बुडते आहे ही टोचणी होती, ती त्या पाच मिनिटांनी बोथट व्हायची. पोरगी शिकत नसली तरी शिकवते आहे, असं तिनं एकदा शालिग्रामला म्हणूनही दाखवलं. तो पावडरीसाठी नराची फुलं खुडत होता, म्हणाला, "रांगा किती झाल्या?" नऊ झाल्या होत्या. नऊ म्हणजे दोन बायांचं काम. शालिग्राम त्या दिवशी जेवताना हसला. किती तरी महिन्यांनी हसला.

डिंपल नेटमध्ये आल्याच्या तेविसाव्या दिवशी अश्विनीनं मुलांना थेट बोलायला बसवलं. फोनच्या पडद्यावर चाळीस डोकी, सगळ्यांचे गणवेश निळे, मागं भिंतीवर कागदाचे टमाटे चिकटवलेले. संजीवनीनं फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. डिंपलनं कळी उघडून दाखवली, कालच्या काडीला बोटात घातलेल्या पोकळ अंगठीतली पावडर लावून दाखवली, धरलेलं हिरवं फळ दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"ताई, तुम्ही रोज हेच टोमॅटो खाता?" एका मुलीनं विचारलं.

डिंपलनं एकदा आईकडं बघितलं. "हो, खातो ना."

"ताई, तू कितवीत आहेस?" दुसरा मुलगा उठला.

"आठवीत."

"तुझी शाळा सकाळची असते?"

"नाही, साडेदहाची."

"मग आत्ता तर अकरा वाजलेत. तुला आज सुट्टी आहे?"

संजीवनीच्या हातात फोन होता. तो खाली करावा, पडला म्हणावं, रेंज गेली म्हणावं, हे सगळं तिला मागून सुचलं. डिंपल इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या बोलीत बोलली. "मले सुट्टी नाही. बाया सोंगणीले गेल्या, आईले दिसत नाही, म्हनून मी करते. सहामाही झाली का जाईन."

त्याच मुलानं, पढवल्यासारखं नाही, अगदी साधेपणानं, विचारलं, "मग तुला परीक्षेत कोण लिहून देणार?"

अश्विनी मध्ये आली, ताईला थँक्यू म्हणा म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

पुढं काय झालं ते गावात कुणालाच नीट कळलं नाही. व्हिडिओ शाळेच्या चॅनलवर होता, तो कुण्या पालकानं उचलला, पुढं पाठवला, कुणी खाली लिहिलं, कुणी अजून पुढं पाठवला. चौथ्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर अर्जुनराव आला. अर्जुनराव अमडापूरचा, दर आठवड्याला प्लॉट बघायला येणारा, आला की नेटच्या दाराशीच "वहिनी, साखर कमी टाकजा" म्हणून ओरडणारा. आज गाडीवरून उतरला नाही. दारावर एक पाटी होती, या प्लॉटमध्ये बालमजूर काम करत नाहीत. ती त्यानंच ठोकली होती. तिच्याकडं बघतच बोलला.

"शालिग्रामभाऊ, हे काय करून ठेवलं बे?"

शालिग्रामला काही माहीत नव्हतं. अर्जुनरावनं फोन पुढं केला. पडद्यावर डिंपलची बोटं होती.

"माही पोरगी हाय अर्जुनभाऊ. मजूर थोडीच हाय. माह्याच वावरात हाय."

"मले समजते. मी काय आंधळा हाय? या पट्ट्यात कोन्या प्लॉटवर पोट्ट्या नाहीत, सांग. मी गाडीचा हॉर्न वाजवत येतो, त्या मागून निंगून जातात, मी रांगा पायतो, सही करतो. इतकी वर्सं झाली." त्यानं फोन खिशात टाकला. "कामाले लावू नका असं म्हनत नाही मी. पन जगाले दाखवता काऊन?"

संजीवनी पुढं आली. "मीच दाखवलं भाऊ. त्याइचं काही नाही त्यात."

"वरून फोन आला वहिनी. परवापर्यंत उत्तर नाही गेलं तं प्लॉट रद्द. झाडं उपटून नेतीन आपलीच मानसं."

शालिग्रामनं अर्जुनरावच्या गाडीचं हँडल धरलं आणि तसाच उभा राहिला, जणू गाडी सोडली तर सगळंच जाईल. अर्जुनरावला ते बघवलं नाही. तो उतरला. मग बाजेवर बसून त्यानं मार्ग काढला, आणि संजीवनीनं केलेला चहाही प्याला. व्हिडिओनं बिघडलं, व्हिडिओनंच निस्तरायचं. पोरीनं गणवेश घालून शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं आणि सांगायचं, मी रोज शाळेत जाते, त्या दिवशी फक्त गंमत म्हणून दाखवलं. तो व्हिडिओ अश्विनीनं चॅनलवर टाकायचा, कंपनी वर पाठवणार. आधीच्याशी कोण ताडून बघतं. विषय संपला.

अश्विनीला फोन लावला तर ती रडत होती. "वहिनी, मुख्याध्यापकांनी मला बोलावलंय. मला खरंच माहीत नव्हतं हो ती शाळा बुडवते ते."

"रोज अकरा वाजता फोन लावत होत्या तुमी, अश्विनी," संजीवनी म्हणाली. भांडायचं म्हणून नाही, आपोआप तोंडून गेलं. मग अश्विनी म्हणाली, "पाठवा व्हिडिओ. टाकते मी." माहीत तर संजीवनीलाही होतंच, आणि दुसऱ्याला बोलून आपलं कमी होत नाही, हेही तिला फोन ठेवल्यावर लगेच कळलं.

वाक्यं अर्जुनरावनं सांगितली, शालिग्रामनं वहीच्या कागदावर लिहिली. डिंपलनं तीनदा वाचली आणि कागद परत दिला. गणवेश पेटीतून काढला तर बाह्या चार बोटं वर जात होत्या. महिनाभरात वाढली होती पोरगी. तांब्यात निखारे घालून संजीवनीनं इस्त्री केली. अडलं ते हातांवर. टमाट्याच्या झाडाचा रस बोटांना लागून लागून हिरवा-काळा थर चढतो, नखांच्या कडेनं तर भेगांत शिरून बसतो. संजीवनीनं लिंबू चोळलं, राख चोळली, शेवटी भांडी घासायची तार घेतली. डिंपलनं हात पुढं करून ठेवला होता. तारेनं कातडी लाल झाली, काळं तसंच राहिलं.

"दुखते का?"

"नाही," डिंपल म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

ठरल्या दिवशी सकाळी सव्वादहाला ती तिघं मोटारसायकलवर शाळेपाशी आली. अर्जुनराव आधीच येऊन थांबला होता. फाटकावर जिल्हा परिषदेचं नाव, आत दोन खोल्या आणि कडुनिंब. अर्जुनरावनं डिंपलला नाव दिसेल अशी उभी केली, दप्तर पाठीवर नीट केलं.

"हात मागं घे. दिसू देऊ नको."

तिनं हात पाठीमागं घेतले. संजीवनीनं फोन धरला, कारण फोन धरायची सवय तिलाच होती.

"नमस्कार मुलांनो," डिंपल म्हणाली. "मी तुमची टमाटेवाली ताई. मी आठवीत शिकते आणि रोज शाळेत येते. त्या दिवशी आमच्या शाळेला सुट्टी होती. मी फक्त तुम्हाला गंमत दाखवत होते. आमच्या शेतात मोठी माणसं काम करतात. मला शाळा खूप आवडते."

अडखळली नाही, खाली बघितलं नाही. शेवटच्या वाक्याला जरा मान वाकडी करून हसली, ते कागदावर नव्हतं. एका दमात झालं. अर्जुनरावला दुसऱ्यांदा घ्यायची गरजच वाटली नाही. "शाबास," तो म्हणाला, "एकदम टीव्हीवानी." त्यानं आपल्या फोनवर व्हिडिओ मागवून घेतला, वर पाठवला, शालिग्रामच्या खांद्यावर थाप मारली आणि गाडी काढून गेला. शालिग्रामनं दोन दिवसांचा श्वास सोडला. प्लॉट वाचला होता.

संजीवनी फोन हातात घेऊन तशीच उभी होती. तिला आठवत होतं, लहान असताना ही पोरगी खोटं बोलली की कान लाल व्हायचे. आज कान लाल झाले नव्हते. ही गोष्ट तिला आपण शिकवली. चिमटा धरायला शिकवला तशीच ही शिकवली, आणि दोन्ही ती एका बैठकीत शिकली.

शाळेची घंटा झाली. उत्तमराव मास्तर फाटकाशी आले, डिंपलला गणवेशात बघून त्यांचा चेहरा उजळला. "आली का बाई? ये, ये."

डिंपलनं मास्तरांना नमस्कार केला आणि उलटी वळून मोटारसायकलकडं चालायला लागली. कुणी तिला चल म्हटलं नव्हतं. चालता चालता ती वेणीची रिबीन सोडत होती, मळू नये म्हणून. गाडीपाशी गेली, दप्तर पोटाशी घेतलं, बसायला पाय उचलला. तोंडावर राग नाही, हट्ट नाही, काहीच नाही. ते बघून संजीवनीनं गाडीच्या सीटवर आडवा हात ठेवला.

"जाय आत," ती म्हणाली.

डिंपलला कळलं नाही. "कुठी?"

"शाळेत. घंटा झाली ना."

"आन कळ्या?"

"जाय म्हनलं ना तुले."

शालिग्रामनं किल्ली फिरवलेली होती. त्यानं गाडी बंद केली. "संजीवनी, आज किती कळ्या हाय, पायलं ना सकाळी? ढग उघडले, सगळ्या एकदम पिकल्या. आज-उद्याच्या कळ्यांनंच पोतं भरते आपलं."

"पायलं."

"मंग कोन करीन?"

"मी करीन."

तो तिच्या डोळ्याकडं बघत राहिला, डाग असलेल्या. काही बोलला असता तर कदाचित ती मोडली असती आणि पोरीला हाक मारली असती. डिंपल मास्तरांच्या मागं गेली. दोनदा मागं वळून बघितलं तिनं, हाक येते का म्हणून. मग कडुनिंबाच्या आड गेली.

दुपारी नेटमध्ये वाफ धरलेली होती. संजीवनी चिमटा घेऊन पहिल्या रांगेत बसली, उजवा डोळा पदरानं बांधला, कारण तो मध्ये येऊन जास्तच घोटाळा करतो. पहिली कळी. काडी मोडली. दुसरी. नर अर्धाच निघाला. तिसरीत चिमटा देठात घुसला आणि अख्खा झुबका हातात आला. तिनं दात आवळले, मनगट गुडघ्यावर टेकवलं, श्वास धरला. पाचवी चांगली निघाली. सातवी चांगली. तिला वाटलं, जमेल. मग सलग अकरा मोडल्या. पलीकडं शालिग्रामही बसला होता, त्याच्या बाजूनं नुसता फांद्या हलल्याचा आवाज येत होता आणि मधूनच तोंडातल्या तोंडात शिवी. संजीवनीनं उठून एकदा बांधावरून सोंगणीच्या बायांना हाक मारली. या वेळी कुणी वर बघितलंही नाही, त्यांचाही शेवटचा तुकडा राहिला होता.

चार वाजता तिची एक रांग झाली होती, तीही निम्मी मोडून. बाकीच्या रांगांमध्ये कळ्या तट्ट भरून पिवळ्या झाल्या होत्या, कडेच्या उमलायलाही लागल्या होत्या. शालिग्राम उठला. रांगेच्या तोंडाशी उभा राहून त्यानं लांबवर बघितलं.

"आता खुडाव लागते," तो म्हणाला.

राहिलेल्या कळ्या झाडावर ठेवून चालत नाहीत. रात्रीतून उमलल्या तर आधीचं धरलेलंही सगळं बाटतं. म्हणून त्या खुडायच्या आणि टाकून द्यायच्या. त्याला नजर लागत नाही, बारीक बोटं लागत नाहीत. दोघं दोन बाजूंनी लागले. मुठीनं ओरबाडायचं आणि खाली सोडायचं. हे काम मात्र झपाट्यानं होत होतं. दहा मिनिटांत एक रांग. संजीवनीनं पायाखाली बघायचं नाही असं ठरवलं होतं.

डिंपल सव्वापाचला आली. नेटचं दार लोटून आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबली. वाट पिवळी झाली होती. तिनं दप्तर काढलं, बाही वर केली.

"हात नको लावू," संजीवनी म्हणाली. "गनवेश हाय."

"आई, अजून अर्धा घंटा उजेड हाय. ही एक रांग होईन माह्यानं."

"नको म्हनलं."

डिंपल उभी राहिली. बापाकडं बघितलं. शालिग्राम पाठमोरा खुडत होता, त्यानं मान वळवली नाही.

"काय शिकवलं आज?" संजीवनीनं विचारलं.

"सरांनं फळ्यावर गनितं देल्ले." ती जरा थांबली. "वर्गात पोरी नव्हत्या आई. मी एकलीच होती. सर म्हने, बाकीच्या कवा येतीन. मी म्हनलं, फुलं सरले का येतीन."

संजीवनीचे हात चालूच होते. डिंपल एक पाऊल पुढं आली, आणि आवाज बापाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलली.

"बाबा जातीन का मंग पुन्याले?"

खोटं बोलायची सोय होती. पोरगी ऐकून घेणारी होती, आणि तिला ऐकायचंही होतं.

"हो," संजीवनी म्हणाली. "दिवाळी झाली का."

डिंपलनं खाली बघितलं. "मंग मी नाही जात उद्या शाळेत. उद्याच्या तं होतीन."

"जाशीन," संजीवनी म्हणाली, आणि पुढच्या झाडाला हात घातला.